आधी बूट, मग सूप

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं की मोबाइलवर एक लांबलचक पत्र येतं. ओळखपत्र आणा, दारू आणू नका, इस्त्री आणू नका, अमुक वाजता बोर्डिंग बंद होईल. बरंच खाली गेल्यावर एक ओळ लागते: स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी ‘स्मार्ट कॅज्युअल’ पोशाख अपेक्षित आहे. मिरजोळ्यात आमच्या वाडीतल्या ओटीवर हे पत्र मोठ्याने वाचलं गेलं आणि त्या ओळीपाशी वाचन थांबलं. अण्णा आंबा-बागायतदार. साठी उलटलेली, आयुष्यात कोट घातला तो लग्नाच्या फोटोपुरता. त्यांनी विचारलं, “हे जेवायला बोलावतायत की मुलगी बघायला?”

ओटीवरच उत्तर देणारा माणूस हजर होता, ही कोकणची खासियत. रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही गावात हाक मारा, जहाजावर नोकरी केलेलं कोणी ना कोणी ओ देईलच. अण्णांचा भाचा एका अमेरिकी कंपनीच्या जहाजावर वेटर आहे. सात-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून सुट्टीवर आलेला, सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर पळायला जातो आणि दुपारी आईच्या हातचं जेवून झोपतो. त्याने पत्र न वाचताच निकाल दिला. “मामा, दारातला माणूस तुमचं तोंड बघत नाही, पाय बघतो. पायात काय आहे, मग पँट घोट्यापर्यंत आहे का, मग गळ्याशी कॉलर आहे का. डोक्यावर टोपी असली तर काढायला सांगतो. बाकी तुम्ही राजे.”

जगातल्या बहुतेक जहाज-कंपन्यांचे या विषयावरचे नियम काढून बघितले, तर भाच्याच्या चार वाक्यांत नव्वद टक्के येऊन जातात. पुरुषांनी अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन, पोहायचे कपडे, रबरी चपला आणि बेसबॉलची टोपी घालून येऊ नये. बायकांसाठीचा परिच्छेद नेहमी लहान असतो: पोहायच्या कपड्यांत येऊ नका. बायकांच्या सँडलमधून बोटं दिसली तर कोणी हरकत घेत नाही. पुरुषांची दिसली की घेतात.

हे सगळं एवढ्याशा रेस्टॉरंटसाठी कशाला, ते जहाजावरच्या जेवणाची घडी कळल्याशिवाय समजत नाही. तिकिटाच्या पैशांत दोन ठिकाणी पोटभर जेवता येतं. एक मुख्य डायनिंग रूम, आणि दुसरा बुफे, जिथे सकाळी इडलीच्या रांगेत माणूस पोहण्याच्या तलावातून थेट ओल्या केसांनी येतो. यांच्यापासून बाजूला, बहुधा वरच्या एखाद्या मजल्यावर, थोड्या खुर्च्यांची लहान दालनं असतात. एक स्टेकचं, एक इटालियन, एक जपानी किंवा चिनी, कुठे फ्रेंच. तिथे आधी टेबल राखून ठेवावं लागतं आणि पैसे वेगळे मोजावे लागतात. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर माणशी साधारण ४० ते ६० डॉलर. दोन मजले खाली जे फुकट मिळतं तेच, म्हणजे जेवण, इथे विकायचं असतं. मग नुसत्या जेवणावर भागत नाही. मंद दिवे लागतात, जाड रुमाल लागतो, आणि शेजारच्या टेबलावर ओली चड्डी घातलेला माणूस असून चालत नाही. पोशाखाचा नियम हा त्या दालनाच्या मालाचाच भाग आहे. गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने स्वतःच सजावट बनून येतं.

कल्पना काही नवी नाही. १९०५ साली जर्मनीच्या हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीने ‘अमेरिका’ नावाच्या जहाजावर वेगळे पैसे घेणारं रेस्टॉरंट काढलं. त्यामागे नाव होतं सेझार रिट्झचं, आणि स्वयंपाकाची घडी बसवून दिली होती ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने. ‘टायटॅनिक’वरही असं रेस्टॉरंट होतं, लुइजी गट्टी या इटालियन माणसाने चालवलेलं. जहाजाबरोबर गट्टीही गेला आणि त्याचे जवळजवळ सगळे नोकरही. पुढे १९३६ मध्ये ‘क्वीन मेरी’वर व्हरांडा ग्रिल निघालं. पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेल्यांनाही तिथे जास्तीचे पैसे द्यावे लागत, तरी टेबल मिळायची मारामार. त्या काळी पोशाखाची सक्ती फक्त त्या दालनापुरती नव्हती. पहिल्या वर्गात संध्याकाळ झाली की सगळेच नटत. सवलत दोन रात्रींची, निघण्याची आणि पोहोचण्याची, कारण तेव्हा कपड्यांच्या पेट्या उघडलेल्या नसत किंवा भरून झालेल्या असत.

आमची पेटी मात्र भाच्याच्या देखरेखीखाली भरली गेली. अण्णांसाठी काळी टेरिकॉटची पँट, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट. बूट नाहीत. बूट घेणार नाहीत, हेही त्यांनी जाहीर केलं. वहिनींनी तीन साड्या काढल्या आणि भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “मामी, तुम्हाला काही विचारायचं नाही. साडी कुठेपण चालते.”

रत्नागिरी स्टेशनातून गाडी सुटली की थोड्याच वेळात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि मोबाइल गप्प होतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्यामुळे आता रत्नागिरीकराने आधी मुंबईला रेल्वेने जायचं आणि मग मुंबईहून बोटीत बसून रत्नागिरीवरूनच खाली गोव्याकडे जायचं, असा उरफाटा प्रवास घडतो. अण्णांच्या वडिलांच्या पिढीला हा प्रकार सांगितला असता तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. त्यांची बोट रत्नागिरीच्याच बंदरातून निघायची. ती धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून वर ओढत. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी, नंतर चौगुल्यांच्या. १९७३ साली केंद्र सरकारने खास कायदा करून कोकणच्या प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. पावसाळ्यात सेवा बंद.

त्या बोटींवर पोशाखाचा नियम लिहिलेला कुठेही नसे. गरजच नव्हती. खालच्या डेकवर सतरंजी अंथरून, ट्रंका उशाला घेऊन, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसणारी माणसं आणि वरच्या वर्गाची माणसं यांच्यात तिकिटाची भिंत उभी होती. डेकवरच्या प्रवाशाने कोट घातला काय किंवा लुंगी नेसली काय, जेवण त्याच्या स्वतःच्या फडक्यात बांधलेलं असे. भाकरी, सुकी चटणी, फार तर उकडलेली अंडी. वर्ग तिकिटाने पडतात तिथे कपडे तपासावे लागत नाहीत. सगळ्यांना एकच तिकीट विकून झाल्यावर मग भेद कुठून तरी काढावा लागतो, आणि आजच्या क्रूझवर तो बऱ्याच अंशी पायातल्या बुटांतून काढला जातो. (हल्ली पुन्हा जहाजातल्या जहाजात वेगळे महागडे भाग निघू लागले आहेत, त्यांना स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र जेवणघर. म्हणजे फिरून तिकिटाच्या भिंतीवर आलोच.)

कोकणच्या बोटी थांबल्यानंतर मुंबई-गोवा सागरी प्रवास बरीच वर्षं आठवणीतच राहिला. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही बोट त्या मार्गावर आली. नाव कान्होजी आंग्र्यांचं, आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेल्या प्रवाळांच्या आंग्रिया बँकेचंही. ती फार वर्षं चालली नाही. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. ही एम्प्रेस १९९० साली फ्रान्समध्ये बांधली गेली, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने, आणि तिचं पहिलं काम होतं अमेरिकी प्रवाशांना तीन-चार रात्रींसाठी बहामा बेटांना नेऊन आणणं. ज्या डायनिंग रूममध्ये कधीकाळी फ्लोरिडाचे आजी-आजोबा टाय लावून बसले असतील, तिथे आता नागपूर-पुण्याची कुटुंबं नवरात्रातल्या ठेवणीतल्या कपड्यांत बसतात. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर तर मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांचे गटच्या गट असतात. त्यांचे टूर मॅनेजर पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून जी सूचना देतात ती हीच: हाफ पँट घालून जेवायला येऊ नका.

बॅलार्ड पिअरला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींचे साहेब-मडमा याच भागात उतरत आणि इथल्याच बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून फ्रंटियर मेल पकडून थेट पेशावरच्या दिशेने जात. त्या आगबोटींवरची संध्याकाळ म्हणजे नियमांचं माहेरघर. आज ज्याला डिनर जॅकेट म्हणतात तो आखूड कोट लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने १८६५ साली राजपुत्र एडवर्डसाठी शिवला, असं त्या दुकानाचं म्हणणं आहे. हाच राजपुत्र १८७५ च्या नोव्हेंबरात ‘सेरापिस’ जहाजाने मुंबईत आला आणि त्याने प्रिन्सेस डॉकची पायाभरणी केली. त्या प्रवासात, उष्ण हवेत शेपटीचा लांब कोट सोसवेना म्हणून जहाजावरच्या रात्रीच्या जेवणाला त्याने आखूड कोटाची मुभा दिली. पुढे तांबड्या समुद्रातल्या उकाड्याने आणखी एक तडजोड घडवली: कोट काढून ठेवायचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद कमरबंद. ‘रेड सी रिग’ नावाने ती अजूनही आखाती देशांतल्या वकिलातींच्या पार्ट्यांत चालते. कमरबंद आपल्याकडचाच, हे वेगळं सांगायला नको. साहेबाने आपलं शिस्तीचं प्रकरण हिंदुस्थानच्या वाटेवरच सैल केलं, आणि सैल करायला वापरलं तेही आपलंच कापड.

आमच्या जहाजाचं नाव मुद्दाम देत नाही. जे घडलं ते कुठल्याही जहाजावर घडू शकलं असतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही आशियाई पदार्थांच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवलं होतं. दारात उंच मेज, त्यावर लहानसा दिवा आणि मागे काळ्या कोटातली मुलगी. आमच्या पुढे पाच-सहा तरुण मुलांचा घोळका. तलावातून आलेले, बर्म्युडा, रबरी चपला, एकाच्या खांद्यावर टॉवेल. मुलगी हसून काहीतरी बोलली. मुलांपैकी एकाचा आवाज चढला: पैसे भरलेत, टेबल बुक आहे, हॉटेलात कोणी अडवत नाही. ती तेवढंच हसत राहिली. हे हसू शिकवलेलं असतं, भाच्याने नंतर सांगितलं. दारावर ‘नाही’ हा शब्द उच्चारायचा नाही. “तुमचं टेबल पंधरा मिनिटं राखून ठेवते,” असं म्हणायचं. मुलं कुरकुरत गेली आणि खरंच जीन्स घालून परत आली.

मग अण्णा. शर्टाला इस्त्री, पँटला धार, केसांना तेल. मुलीची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली. अण्णांच्या पायात कोल्हापुरी होती. नवी, करकरणारी, कुरुंदवाडची म्हणून ते सगळ्यांना दाखवत असलेली. अंगठा उघडा, टाच उघडी. लिखित नियमाप्रमाणे पुरुषांना उघड्या चपला बंद. मुलीने आतल्या कोणाला तरी खूण केली. आतून पन्नाशीचा एक सुपरवायझर आला, बोलण्याच्या ढंगावरून गोव्याकडचा वाटणारा. त्याने वहाण पाहिली, अण्णांना पाहिलं, वहिनींच्या नारायणपेठीवर नजर टाकली आणि खुर्ची ओढून दिली. त्याच्या लेखी प्रश्न चामड्याचा नव्हता, तयारीचा होता. माणूस नटून आलाय की नाही, एवढंच त्याने पाहिलं.

तो चांगला सुपरवायझर होता, असं माझं मत आहे. पण दुसऱ्या जहाजावर, दुसऱ्या रात्री, दुसऱ्या माणसाने परत पाठवलं असतं, तर तोही नियमानेच वागला असता. या नियमांची हीच अडचण आहे. ते ज्या कपाटाकडे पाहून लिहिले गेले त्यात कोल्हापुरी नाही, बंडी नाही, लुंगी नाही, धोतर नाही. कॉलर नसलेला रेशमी कुडता आणि कॉलर नसलेला बनियन यांत फरक करायला नियमावलीजवळ डोळे नाहीत; ते दारातल्या माणसाने आपले घालायचे.

गंमत अशी की सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या कंपनीने हा प्रश्न आधीच सोडवलेला आहे. क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’सारख्या जहाजांवर अजूनही गाला रात्री असतात, काही काळ्या-पांढऱ्या कपड्यांच्या, काही मुखवट्यांच्या. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा. पण त्याच वाक्यात पुढे लिहिलेलं असतं की आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल, स्कॉटिश किल्ट चालेल, लष्करी गणवेश चालेल. म्हणजे बंदगळा किंवा अचकन घातलेला मराठी माणूस साहेबाच्या सर्वांत शिष्ट जहाजावर बिनदिक्कत बसू शकतो. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि आणखी काही ठरावीक जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात.

बाकीच्यांनी गाठी सैल सोडल्या. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ची टूम काढली: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कोटाची सक्ती नाही. सेलिब्रिटी कंपनीने २०१५ च्या डिसेंबरात औपचारिक रात्री रद्द करून त्या जागी ‘इव्हिनिंग शिक’ नावाचं काहीतरी आणलं, ज्यात जीन्ससुद्धा बसतात. ओशियानियाच्या जहाजांवर औपचारिक रात्र मुळातच नाही. व्हर्जिनने २०२१ मध्ये प्रवासी न्यायला सुरुवात केली ती बुफे आणि पोशाखाचा नियम दोन्ही मोडीत काढूनच. फक्त एका रात्री सगळ्यांनी लाल घालावं अशी विनंती, आणि ती विनंती लोक कुठल्याही सक्तीपेक्षा उत्साहाने पाळतात. कारणं व्यवहाराची आहेत. विमान कंपन्या सामानाचे किलोवर पैसे घेऊ लागल्या, तेव्हा कोट-बूट वाहून नेणं महाग झालं. चाळिशीच्या आतलं गिऱ्हाईक हवं तर त्याच्या गळ्यात टाय बांधून चालणार नव्हतं.

मात्र मोठ्या डायनिंग रूममधून हाकललेला नियम लहान दालनात जाऊन बसला. डिस्नीच्या ‘ड्रीम’ जहाजावर २०११ पासून रेमी नावाचं फ्रेंच रेस्टॉरंट आहे. तिथे मुलांना प्रवेश नाही, आणि पुरुषांनी जॅकेट घालून यावं असं सुचवलं जातं. रेमी कोण? ‘रॅटाटुई’ या २००७ च्या कार्टूनपटातला स्वयंपाकी उंदीर. उंदराच्या नावाच्या खोलीत जॅकेट चढवून, शंभरावर डॉलर मोजून जेवायचं, आणि ज्यांच्यासाठी तो सिनेमा काढला त्या पोरांना बाहेर ठेवायचं. असा विनोद कोणी मुद्दाम रचू म्हटलं तरी जमायचा नाही.

आपल्या भूमीवर या विषयाने इतकी मवाळ वळणं घेतलेली नाहीत. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून आत येऊ दिलं नाही. हा तोच क्लब, जो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लॉर्ड विलिंग्डन यांनी हिंदी आणि युरोपीय माणसांना बरोबरीने बसता यावं म्हणून काढला होता. २०१४ च्या जुलैत चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबच्या दारात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून अडवलं गेलं. तमिळनाडू विधानसभेने महिन्याभरात कायदा केला: सार्वजनिक ठिकाणी वेष्टी नेसलेल्याला अडवता येणार नाही. २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटच्या दारात साडी नेसलेल्या बाईला सांगण्यात आलं की साडी स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नाही. त्यावरून जो गदारोळ झाला त्यानंतर ते रेस्टॉरंट काही दिवसांतच बंद पडलं. जहाजांवर साडीला कोणी अडवल्याचं भाच्याने कधी पाहिलेलं नाही. उलट गाला रात्री साडीवाल्या बाईबरोबर फोटो काढून घ्यायला लोक रांग लावतात, म्हणाला.

आणि साहेबाला एकट्याला का नावं ठेवा? रत्नागिरीच्या जुन्या ब्राह्मण घरांतल्या पंगतीला याहून कडक नियम होते. शर्ट घालून पाटावर बसलं तर वाढणारी बाई पुढे सरकायची नाही. मुकटा किंवा धूतवस्त्र, तेही कोणाच्या स्पर्शाविना उंच वलणीवर काठीने वाळत घातलेलं. वर उघडं अंग, फार तर उपरणं. क्युनार्डच्या दारात कोट नाही म्हणून परत जायचं आणि आळीतल्या दारात कोट आहे म्हणून. फरक एवढा की जहाजावर कपडे बदलून आत जाता येतं. इथे कपडे बदलून जात बदलत नव्हती. म्हणूनच सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात रत्नागिरीत सहभोजनं झाली, १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि १९३३ मध्ये सर्व जातींना खुलं उपाहारगृह निघालं, याची मोठी बातमी झाली. कोणाशेजारी बसून जेवायचं, हा प्रश्न कोणत्याही पोशाखापेक्षा जुना आहे.

टेबलावर आमच्या पुढ्यात वाफवलेले मोमो आले, मग कोलंबी. वहिनींचा गुरुवार असल्याने त्यांच्यासाठी भाज्या आणि टोफू. अण्णांनी कोलंबी चाखून निकाल दिला, “ताजी आहे. आपली नाही.” वेटर मणिपूरचा होता. पाणी ओतताना त्याचा डावा हात पाठीमागे, नखं कापलेली, बूट असे की दिव्याचं प्रतिबिंब दिसावं. मला राहून राहून त्याच्या बुटांकडे बघावंसं वाटत होतं. प्रवाशांच्या पोशाखावर एवढी चर्चा होते, पण त्या दालनातला खरा कडक नियम त्याच्या अंगावर होता.

याबद्दल भाचा ओटीवर बरंच बोलला होता. रोज ड्यूटीआधी रांगेत उभं करून बघतात. दाढी रोजची, किंवा राखायची तर कंपनीने सांगितलेल्या मापाची. अत्तर सौम्य. गोंदण झाकलेलं. खिशात पेन, छातीवर पाटी, पाटीवर नाव आणि खाली देश. सकाळी बुफेसाठी एक गणवेश, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. क्रूच्या मेसमध्ये स्वतः जेवायला मिळतात वीस मिनिटं. तो म्हणाला, “पाहुण्याने नियम मोडला तर फार तर बुफेत जेवेल. मी मोडला तर लेखी ताकीद.”

ही नोकरी कोकणाला नवी नाही, फक्त तिची जागा बदलली. पी अँड ओच्या जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली असे: जेवणघरात आणि केबिनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती स्टुअर्ड, इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले व आसपासच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान खलाशी. सारंग, टिंडेल, खलाशी अशी उतरंड. डेकवरच्या माणसाचाही पोशाख ठरलेला होता, निळा सदरा, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर टोपी. पांढऱ्या कोटातला गोव्याचा स्टुअर्ड ज्या पाहुण्यांना वाढत असे, त्यांच्या ताटापर्यंत रत्नागिरीच्या माणसाचा हात सहसा पोहोचत नसे. आता पोहोचतो. एसटीसीडब्ल्यूचे सुरक्षा-कोर्स करून, सीडीसीचं, म्हणजे जहाजी नोकरीच्या नोंदीचं, पुस्तक हातात घेऊन, मुंबईतल्या एजंटांच्या मुलाखती देऊन मिरजोळ्यासारख्या गावांतली पोरं थेट त्या लहान दालनांत उभी राहतात. स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये नेमणूक मिळणं म्हणजे बढती मानली जाते. टेबलं कमी, बक्षिशी बरी.

पण मग भाचा स्वतः कधी प्रवासी म्हणून अशा ठिकाणी जेवला का? जेवला, एकदा, कंपनीच्या सवलतीत. काय घातलं होतं? “सूट,” तो म्हणाला, आणि वर लगेच, “दारातला माणूस माझ्याच केबिनमधला होता. त्याने आधी माझे बूट बघितले.”

जेवण संपायला दीड तास लागला. बुफेत वीस मिनिटांत होतं. उठताना अण्णांनी एक गोष्ट बरोबर हेरली: आत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ती जीन्स घालून परत आलेली मुलंसुद्धा. दुपारी तलावाकाठी ज्यांच्या आरोळ्या वरच्या मजल्यापर्यंत येत होत्या, ती इथे काटे-चमचे जपून ठेवत होती. त्यातल्या एकाने तर उठताना खुर्ची परत आत सरकवली. कपड्यांनी माणूस बदलतो असं मी म्हणणार नाही, पण दीड तास त्याचा आवाज नक्की उतरतो. आणि दालनाचे मालक त्याचेच पैसे घेतात.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनी आणि माझी बायको मुख्य डायनिंग रूममध्ये गेल्या. एक पैठणी, एक इरकल, आणि जाताना दोघींनी जिन्यावर फोटोही काढून घेतला. अण्णांनी मात्र हात जोडले. पँटचा पट्टा दुसऱ्यांदा आवळायची त्यांची तयारी नव्हती. केबिनमधल्या फोनवरून त्यांनी खिचडी मागवली, दारामागे पोशाखाचा कुठलाही नियम लागू होत नाही याची माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली, आणि पंचा नेसून बाल्कनीत बसले. खिचडी घेऊन आलेल्या पोऱ्याने त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. त्याची तक्रार वेगळीच होती: बाल्कनीच्या कठड्यावर अण्णांनी दुसरा पंचा वाळत घातला होता, आणि ते मात्र जहाजावर अजिबात चालत नाही. वाऱ्याने उडालेलं कापड खालच्या मजल्यावर कुठे जाऊन अडकेल, याचा नेम नसतो. न्हाणीत शॉवरच्या वर एक चकती असते, ती ओढली की आतून कपडे वाळत घालायची दोरी निघते. पोऱ्याने ती ओढून दाखवली, तिच्यावर पंचा वाळत घालून दिला आणि खिचडीवर तूप हवं का, ते विचारलं.